मोरीपर्यंतची हद्द

"मॅडम, मुडदा सापडलाय," फोनवर शिपायाला धाप लागली होती. "पण आपला की त्यांचा? नाना हवालदार म्हणतात, त्यांचा."

इन्स्पेक्टर बाईंच्या तोंडात ब्रश होता. त्यांनी चूळ भरली. "मग मुडद्यालाच विचार," त्या म्हणाल्या. "आणि मी येईपर्यंत कुणाला हात लावू देऊ नकोस."

सकाळचे साडेसहा वाजले होते. शहर पोलिसांचा इलाखा जिथं संपतो आणि ग्रामीण पोलिसांचा सुरू होतो, तिथं डांबरी रस्त्यावर एक आडवा पांढरा पट्टा मारलेला होता. पट्ट्याला खेटून शहराच्या बाजूला पंक्चरचं दुकान होतं. आणि दुकानाच्या दारासमोर खुद्द पंक्चरवाला पालथा पडला होता. पाय शहरात, कमरेखाली पट्टा, डोकं ग्रामीणमध्ये.

डोकं आपलं म्हणायचं म्हणून. मागून किमान तीन घाव बसले होते. कवटी कानामागे आत दबली होती, केसांत हाडाचे पांढरे कपचे अडकले होते आणि माश्यांनी आपलं काम सुरू केलं होतं.

नाना हवालदार बाईंच्या आधीच तिथं हजर होते. वीस वर्षं याच ठाण्यात काढलेला माणूस. मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी दोन आठवडे रजेवर होते, काल दुपारीच कामावर आले होते. उन्हानं डोळा गळत होता, तो रुमालानं टिपत ते म्हणाले, "ड्युटीवर येताना दिसलं म्हणून थांबलो. पण हा त्यांचा, मॅडम. डोकं बघा ना."

बाईंना सहा महिन्यांपूर्वीचा, ठाण्यातला पहिला दिवस आठवला. ही गंमत नानांनीच तेव्हा सांगितली होती. फार पूर्वी या पट्ट्यावर एक प्रेत सापडलं, आणि 'तुमचं' 'नाही, तुमचं' करत दोन्ही ठाण्यांनी ते दिवसभर उन्हात ठेवलं. शेवटी वास सुटला तेव्हा तोड निघाली. डोकं ज्याच्या हद्दीत, तपास त्याचा. हे कुठल्याही कागदावर नव्हतं. दोन ठाण्यांची माणसं आणि शववाहिकेचा ड्रायव्हर सोडले तर कुणाच्या गावीही नव्हतं.

"नाना, झोपेत आहात का?" मागून गडगडाटी हसू आलं. ग्रामीणचे इन्स्पेक्टर. मिशीवरून त्यांना सगळे मिशीसाहेब म्हणत, आणि तेही ते कौतुकानं ऐकून घेत. "पट्ट्याचा जमाना गेला. दहा दिवसांपूर्वी दोन्हीकडच्या वरिष्ठांची बैठक झाली. आता हद्द त्या मोरीपाशी."

त्यांनी हात केला. पाण्यासाठी रस्त्याखालून काढलेली मोरी चाळीसेक पावलं पुढे होती, ग्रामीणच्या बाजूला.

"नवा पट्टा मारायला रस्तेवाल्यांना सवड नाही, एवढंच. ते दुकान, हा रस्ता, हा मुडदा, मोरीपर्यंत सगळं तुमचं. लखलाभ!"

बाईंना हे ठाऊक होतं. नानांनी मोरीकडे पाहत पुन्हा डोळा टिपला. शववाहिकेच्या ड्रायव्हरनं खिडकीतून डोकं बाहेर काढलं. "मॅडम, शहराच्याच शवागारात ना? मी आल्या आल्या गाडी तिकडे तोंड करूनच लावलीये."

"थांब जरा." बाई मिशीसाहेबांकडे वळल्या. "कुणाला धरलंत म्हणे?"

"याच्या मेहुण्याला. दुकानात मदतीला असतो. सहाच्या सुमाराला आमची गस्तीची गाडी आली, मीही होतो. पठ्ठ्या मुडद्याला मिठी मारून बसलेला. अंगभर रक्त."

"दाजी मेलेले दिसले तर मिठी मारणारच."

"म्हणून तर चार ठेवून दिल्या आणि विचारलं. बोलला नाही. आता आमच्या कोठडीत आहे."

"तपास माझा, तर माणूस माझ्या ताब्यात द्या."

"देऊ की! वरून पत्र आणा. येईल संध्याकाळपर्यंत." मिशीसाहेबांनी मिशीवरून बोट फिरवलं. "तोवर कबुलीही देऊन टाकेल बिचारा."

ती कबुली कशी असते, हे बाईंना ठाऊक होतं. मिशीसाहेबांच्या कोठडीतून माणूस एक तर कबूल होऊन बाहेर येई, नाही तर आडवा होऊन. म्हणजे संध्याकाळपर्यंत खरा खुनी सापडला पाहिजे.

त्या प्रेतापाशी उकिडव्या बसल्या आणि बसल्या त्या बराच वेळ उठल्याच नाहीत. मार डोक्याला, पण रक्ताचं थारोळं पायांखाली. हाडाचे कपचेही तिथंच, टाचांपाशी. डोक्याखाली मात्र जेमतेम ओघळ. थारोळ्यापासून पट्ट्यापलीकडे रक्ताचा एक अर्धगोल फराटा गेला होता.

माणूस पडला तेव्हा त्याचं डोकं शहरात होतं. नंतर कुणीतरी त्याला जागच्या जागी फिरवला होता. लपवला नाही, नाल्यात ढकलला नाही, फक्त उलटा केला.

जबड्यालाही मार आहे का, ते बघायला तोंड उघडून त्यांनी दात मोजले. बत्तीसच्या बत्तीस जागेवर होते.

दुकानात शिरल्यावर पहिल्यांदा दिसली ती टाकी. ट्यूब बुडवून भोक शोधायची, पाण्यानं भरलेली. पाणी गुलाबी झालं होतं. बाईंनी बाही वर करून हात घातला. तळाशी टायर उचकटायची हातभर लांबीची लोखंडी पहार होती. आणि नखाएवढा एक काळ्या काचेचा तुकडा. पहार त्यांनी फडक्यात गुंडाळली, काच कागदाच्या पुडीत टाकली.

कोपऱ्यात एक स्टूल उलटं पडलं होतं. त्याखाली रक्ताचे चार शिंतोडे आणि एक दात. समोरचा, मुळासकट. त्याची त्यांनी वेगळी पुडी बांधली.

बाहेर पंक्चरवाल्याची बायको येऊन पोचली होती. एका पायात चप्पल, दुसरा पाय अनवाणी. तिला नवऱ्याच्या अंगावर पडू द्यायचं नाही म्हणून दोन शिपायांनी धरलं होतं. बाईंनी शिपायांना बाजूला केलं आणि तिला टायरच्या ढिगावर बसवलं.

"ताई, भावाचं आणि यांचं भांडण होतं?"

"भांडण? माझा भाऊ यांच्या शब्दाबाहेर नव्हता हो. त्याला सोडवा, बाईसाहेब. हे गेले, आता तोही गेला तर मी कुणाच्या तोंडाकडे बघू?"

"सोडवते. पण मला खरं सांगा. यांना कुणाची भीती होती?"

ती मान खाली घालून बोलू लागली. "गेल्या वर्षी इथं ट्रकखाली माणूस मेला ना? हे म्हणायचे, तो ट्रकखाली मेलाच नाही. जीपमधून आणून पट्ट्यावर निजवला त्याला. यांनी दुकानाच्या फटीतून पाहिलं."

"कुणी निजवला?"

"ते नाही सांगितलं. म्हणाले, तुला माहीत नसलेलंच बरं. वर्षभर नीट जेवले नाहीत. आता नवीन बाई आल्यात, त्या ऐकून घेतील म्हणाले. काल संध्याकाळी तुमच्या ठाण्यात आले होते."

"मी नव्हते."

"हो. टेबलावरच्या माणसाला सांगून आले, उद्या सकाळी येतो, मला फक्त मॅडमशीच बोलायचंय म्हणून."

"टेबलावर कोण होतं?"

"ते काही बोलले नाहीत. पण रात्रभर डोळा लागला नाही त्यांचा. पहाटेच उठून आले दुकानात."

बाई ठाण्यावर गेल्या. पाऊण तास चार कागदांवर वाकून बसल्या. कालचा ड्युटी तक्ता, हजेरीच्या वेळी वाचून दाखवायच्या परिपत्रकांची वही, गेल्या वर्षीच्या अपघाताची नक्कल आणि त्याच रात्रीच्या कोठडीच्या नोंदी. चहा आला, तो त्यांनी परत पाठवला. मग हाक मारली, "नाना, चला. ग्रामीण ठाण्यात जाऊन येऊ."

ग्रामीण ठाण्याच्या पायऱ्यांवर पंक्चरवाल्याची बायको बसली होती. आतून कातडी पट्ट्याच्या मारहाणीचा आवाज येत होता. एक फटका, मग गुरासारखं ओरडणं, मग पुन्हा फटका. प्रत्येक फटक्याला ती कानावर हात दाबत होती. बाईंनी तिला उठवून आपल्याबरोबर आत घेतलं.

"पत्र आणलंत?" मिशीसाहेबांनी विचारलं.

"आधी ती मारहाण थांबवा. खुनी देते तुम्हाला."

मिशीसाहेबांनी आवाज दिला. आतलं ओरडणं थांबलं, कण्हणं राहिलं. बाईंनी फडक्यात गुंडाळलेली पहार टेबलावर ठेवली आणि उभ्या उभ्याच बोलायला सुरुवात केली.

"पंक्चरवाला पडला तेव्हा डोकं शहरात होतं. थारोळं तिथंच आहे. मारणाऱ्यानं त्याला फिरवून डोकं पट्ट्यापलीकडे नेलं. एवढा खटाटोप कोण करेल?"

"मेहुणा," मिशीसाहेब म्हणाले.

"मेहुण्याला डोक्याचा नियम माहीत आहे? तुमच्या बायकोला तरी माहीत आहे का? तो ठाऊक फक्त आपल्या माणसांना. कुणालातरी हा तपास तुमच्याकडे यायला हवा होता. कारण तुम्ही पहिला सापडेल त्याला धरता आणि कबूल होईपर्यंत झोडता, हे जगजाहीर आहे."

मिशीसाहेबांचा चेहरा लाल झाला.

"आता पुढचं. हद्द मोरीपाशी गेलीय हे ज्याला माहीत आहे, तो जुन्या पट्ट्यापाशी मुडदा कशाला फिरवील? काही उपयोगच नाही. म्हणजे खुनी आपल्यातला, पण नवी हद्द न कळलेला. शववाहिकेचा ड्रायव्हर सुटला. त्यानं येतानाच गाडी शहराकडे वळवली होती. तुमची माणसं सुटली. हद्द सरकली, मुडदा तुमचा नाही, हे तुम्हीच आम्हाला सांगितलंत. माझ्या ठाण्यात परिपत्रक दहा दिवसांपूर्वी एकदाच वाचलं गेलं. ऐकल्याची सही प्रत्येकाची आहे." बाईंनी वही उघडली. "एक सोडून. तो दोन आठवडे रजेवर होता."

खोलीत सगळे नानांकडे पाहू लागले.

"मॅडम, सही राहिली म्हणून काय खून होतो?" नाना हसण्याचा प्रयत्न करत म्हणाले.

"काल संध्याकाळी टेबलावर कोण होतं, नाना?"

"...मी."

"पंक्चरवाला येऊन गेला, हे मला का नाही सांगितलंत?"

"राहून गेलं."

"मोतीबिंदू काढल्यावर डॉक्टर काळा चष्मा देतात. महिनाभर उन्हात तो काढायचा नाही. काल तुम्ही तो लावूनच आला होतात. आज सकाळी उन्हात डोळा गळत होता. चष्मा कुठाय?"

नानांनी रुमाल पुन्हा डोळ्याला लावला.

बाईंनी पुडी सोडली. काळ्या काचेचा तुकडा टेबलावर पडला. "बाकीचा तुमच्याच खिशात नाही तर घरी असेल. झटापटीत फुटला. हात आणि पहार धुताना एवढा तुकडा टाकीत राहिला. गेल्या वर्षीच्या त्या माणसाला आपल्या कोठडीतून सोडल्याची त्याच रात्रीची नोंद आहे, सही तुमची. तो सुटला नव्हता, आत मेला होता, नाना. त्यालाही तुम्हीच नेऊन निजवलात. डोकं पट्ट्यापलीकडे. ग्रामीणनं ट्रक लिहिला आणि फाईल बंद केली. एकदा जमलं, म्हणून पुन्हा तेच केलंत."

"मी मारायला गेलो नव्हतो!" नानांचा आवाज फाटला. "समजवायला गेलो होतो. पाया पडलो त्याच्या. म्हटलं, वर्षभर गप्प बसलास, आता निवृत्तीला दीडच वर्षं राहिलंय माझ्या. तर म्हणतो, झोप लागत नाही. मला लागते का?"

आणि त्यांनी पहार उचलली.

पहिला वार बाईंनी मान वळवली म्हणून खांद्यावर बसला. दुसरा टेबलाच्या काचेवर पडला, काचेचा चुरा झाला, मिशीसाहेब खुर्चीसकट मागे कोसळले. तिसरा यायच्या आत बाईंची काठी नानांच्या मनगटावर बसली. हाड मोडल्याचा आवाज स्पष्ट ऐकू आला. पहार खाली पडली आणि नाना तिच्याशेजारी गुडघ्यांवर बसले.

"थारोळं बघून पडलेल्याची जागा ओळखायला तुम्हीच शिकवलंत मला," बाई म्हणाल्या. "मग आज तेवढं तरी कसं विसरलात?"

नाना मनगट पोटाशी धरून रडत राहिले.

मिशीसाहेब कपडे झटकत उठले. "मानलं तुम्हाला. मग आरोपी तुम्ही नेताय?"

"नाही. माझ्याच ठाण्याचा माणूस, मीच कसा तपासू? आणि जुनं प्रकरण तुम्ही बंद केलेलं, म्हणून तुमच्याकडेही नको. दोन्ही खून मुख्यालयाकडे जातील. त्यांची गाडी निघालीय. आधी मेहुण्याला बाहेर काढा."

दोन शिपायांनी त्याला काखेत धरून आणला. तळपाय टरारून फुगले होते, एक डोळा मिटला होता. त्यानं बहिणीला पाहून हसायचा प्रयत्न केला. समोरचा दात नव्हता.

बाईंनी दुसरी पुडी काढून टेबलावर उघडली.

"हा याचा. दुकानात, स्टुलाखाली सापडला. सकाळी सहाला तुम्ही चार ठेवून दिल्यात ना, साहेब, त्या तिथंच. दुकान कुणाच्या हद्दीत आहे?"

मिशीसाहेबांचं बोट मिशीपर्यंत गेलं आणि तिथंच थांबलं.

पंक्चरवाल्याच्या बायकोनं भावाचा चेहरा पदरानं पुसला. मग बाईंकडे वळून दबकत विचारलं, "बाईसाहेब, याला मारल्याची तक्रार कुठल्या ठाण्यात द्यायची? तुमच्या की यांच्या?"

"माझ्या," बाई म्हणाल्या. "मोरीपर्यंत सगळं माझं आहे. साहेबांनीच सकाळी दिलंय."

त्यांनी दुखरा खांदा सावरला, मेहुण्याचा एक हात आपल्या गळ्यात घेतला, दुसरा त्याच्या बहिणीनं घेतला, आणि तिघं हळूहळू जीपकडे चालू लागली.