बावीस वर्षांनी सापडलेला पत्ता

त्या दुपारी मी फक्त नव्या नकाशाची चाचणी घ्यायला अॅम्ब्युलन्सच्या कंट्रोल रूममध्ये गेले होते. ऊन खिडकीशी आलं होतं, कोणीतरी जेवणाचा डबा उघडला होता. नकाशा विभागाची प्रमुख म्हणून माझे चार दिवस उरले होते, मग निवृत्ती.

पण मुळात मी फोन घेणारी. बावीस वर्षांपूर्वी याच खोलीत एका आजींचा फोन मी उचलला होता.

"बाळ, ह्यांना श्वास लागलाय. गाडी पाठव."

पत्ता विचारला, तर म्हणाल्या, "आम्ही परवाच लेकीकडे आलोय गं. पत्ता तिला ठाऊक, आणि ती कामावर. खिडकीतून पाण्याची टाकी दिसते बघ."

तेव्हा फोनवरून घर कळायची सोय नव्हती, आणि शहरात टाक्या काय कमी होत्या? अॅम्ब्युलन्स गल्ल्या पालथ्या घालत राहिली. मी बोलत राहिले. चाळीस मिनिटांनी आजी हळूच म्हणाल्या, "राहू दे बाळ. आता घाई नाही."

नंतर लेकीकडून पत्ता कळल्यावर मी त्यांना भेटायला गेले. मला एका शब्दानं बोलल्या नाहीत, उलट पाठीवरून हात फिरवला. तो हात मला सोसवला नाही. महिन्याभरात त्याही गेल्या. मी हेडफोन उतरवला आणि नकाशे शिकायला घेतले. फोन लागला की घर दिसलं पाहिजे, एवढा एकच ध्यास. त्यापायी संसारसुद्धा राहून गेला.

तर, ती चाचणी. चाचणीची लाइन बाहेर कुठे जोडलेलीच नव्हती. तरी ती वाजली.

मी उचलली. आधी नुसती खरखर... मग कोणीतरी कष्टानं ओढत असलेला श्वास. आणि त्याच्या अलीकडे तो आवाज.

"बाळ... ह्यांना श्वास लागलाय..."

पडद्यावर नकाशा सरकला, थांबला. लाल ठिपका एका जागी स्थिर झाला.

"आजी," मी म्हणाले, "दिसलं... घर दिसलं मला."

"दिसलं ना? बरं झालं गं..."

लाइन बंद झाली. शेजारचा सुपरवायझर वाकून पडद्याकडे बघत होता. "मॅडम, तिथली इमारत कधीच पाडली. आता मोकळं मैदान आहे."

"माहीत आहे," मी म्हणाले. "गाडी पाठवा."

त्यानं माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि काही न विचारता पाठवली. ती सहा मिनिटांत पोचली. सहा मिनिटं! मी तिथेच, सगळ्यांदेखत, ओक्साबोक्शी रडले.

तासाभरानं ड्रायव्हर वर आला. चांगला पन्नाशीचा, मुरलेला माणूस. दारातच उभा राहिला.

"मॅडम, तिथे कोणीच नव्हतं. मागची दारं उघडून पाच मिनिटं थांबलो, रिकामेच परतलो. पण येताना..." तो अडखळला. "मागून एक बाई म्हणाल्या, सावकाश घ्या हो, ह्यांना धक्के सोसत नाहीत."

"मग?"

"मग मी सावकाश आणली."

त्यानं हातातला ऑक्सिजनचा मास्क माझ्या टेबलावर ठेवला. सकाळीच पाकिटातून काढलेला, कोणालाही न लावलेला. मी उचलून उजेडात धरला. आतून तो वाफेनं धुकटला होता... आणि बघता बघता वाफ विरली, पुन्हा धरली, पुन्हा विरली.