सत्यभामाच्या बांधीतलं विमान

सत्यभामाशी मी पहिल्यांदा बोललो, ते तिच्या बांधीत, म्हणजे धानाच्या शेतात, विमान उतरलं म्हणून.

एकोडीत आमची शेतं लागून होती. मधल्या धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, दोघांच्या बापांचं भांडण, त्यामुळे बोलणं बंद. एकाहत्तरची लढाई सुरू होती. लढाईसाठी पायलट घाईघाईनं तयार करत होते. त्यातलंच एक शिकाऊ विमान इंजिन बंद पडून धान कापलेल्या बांधीत आलं, आणि आमच्या धुऱ्याजवळ थांबलं.

आतून गोरा, हसरा पोरगा उतरला. सत्यभामानं त्याला पाणी दिलं. वर आपल्या शिदोरीतला वरणभातही.

"वरून आमचं गाव कसं दिसते जी?" तिनं विचारलं.

"सुंदर. तळं तर आरशासारखं."

ती हसली... पदर सारखा केला. मी धुऱ्यावरच उभा होतो.

"तळ्यातल्या म्हशी नाही दिसल्या काय?" मी म्हणालो.

"तुले कोनं इचारलं?" तिनं डोळे वटारले.

दुसऱ्या दिवशी जीपमधून त्याचे मास्तर आणि मिस्त्री आले. इंजिन सुधारलं, पण उडायला सपाट जागा हवी होती. बाकीचे धुरे लोकांनी फोडले. मधल्या धुऱ्याला कोणी हात लावेना. आमच्याकडे धुऱ्यासाठी डोकी फुटतात. दोघांचे बाप नुसते बघत उभे.

मीच फावडं घेतलं.

"एवढी घाई कायले?" ती जवळ येऊन म्हणाली.

"लढाई हाय. त्याले उशीर नको व्हाले."

"लढाईची फिकर हाय, का त्याले हाकलाची?"

मी माती उपसत राहिलो. विमान उडालं. ठिपका दिसेनासा होईपर्यंत ती वर पाहत होती... आणि मी तिच्याकडे.

नंतरही विमानं यायची, आणि प्रत्येक वेळी तिची मान वर जायची. एक दिवस मी धुरा परत बांधत होतो. घरघर आली, तिनं वर पाहिलं. मला राहवलं नाही.

"जाय ना मंग त्याच्यासंगं!"

"मी वर पायलं म्हनूनच त बोलतोस तू," ती हळूच म्हणाली. "नाही त मुकाच असतो."

माझ्या हातातलं फावडं तसंच राहिलं.

"अन् धुरा कायले बांधून राहिला? राहू दे ना..."

"तुमचं पानी आमच्या बांधीत येईल."

"येऊ दे," ती म्हणाली. "मी बी येईन."

धुरा मी बांधला नाही. पुढच्या उन्हाळ्यात ती लग्न होऊन आमच्या घरी आली. बापांनी कुरकुर केली, पण फोडलेला धुरा सगळ्या गावानं पाहिला होता; भांडायला मधे काही उरलंच नव्हतं.

आता ती नाही. तिच्या माघारी शेत तसंच एक आहे. परवा विमान गेलं. जन्मभर ज्याचा राग केला, त्याच्याकडे मी मुद्दाम मान वर करून पाहिलं — ती काहीतरी बोलेल म्हणून.