सहा फोटो आणि वर ओढलेली शिडी

"चौथ्या दिवशी सकाळी पाण्याचं पार्क," काकांनी जेवणाच्या टेबलावर पसरलेल्या कागदावर बोट आपटलं. "बारा वाजता ओल्या केसांनी गाडीत. सव्वातीनला बंदर. चारला जहाज. एक मिनिट वाया नाही. याला म्हणतात आखणी."

बाबांनी मान हलवली. काकांपुढे बाबा नेहमी मानच हलवायचे. धाकट्या भावाशी वाद घालायला जी ताकद लागते, ती ते कामावरच संपवून यायचे.

"वहिनी, चालेल ना?"

वहिनी म्हणजे टाचणीची आई. ती झोपली होती. बसल्या जागी, गाल थीम पार्कच्या रंगीत नकाशावर टेकवून. रोलरकोस्टरचं सर्वात उंच वळण तिच्या नाकाखाली आलं होतं.

"आई, काका विचारतायत," मुंगी म्हणाली.

"धुऊन झाल्या की पाठवते," आई डोळे न उघडता म्हणाली.

रेडिओ फिस्सकन हसला. रेडिओ म्हणजे काकांचा मुलगा, वय बारा. सकाळी सुरू झाला की झोपेपर्यंत बंद होत नाही. मुंगी नऊ वर्षांची, दिसेल ते मोजत सुटणारी. आणि तिची मोठी बहीण टाचणी तेरा वर्षांची. हे नाव तिला वर्गशिक्षिकेनं दिलं होतं, कारण ती प्रश्न विचारायची आणि ते टोचायचे.

टाचणी हसली नाही. आई हॉस्पिटलच्या धुलाईघरात कामाला होती. दिवसाला आठशे चादरी. सहा वर्षांत तिला सलग चार दिवस रजा मिळाली नव्हती. या वेळी आठ मिळाले होते, तेही साहेबांनी उपकार केल्यासारखे. बाकीचे सगळे पाळणे नि घसरगुंड्यांबद्दल बोलत होते, पण आईनं क्रूझच्या पत्रकातल्या एकाच चित्रावर बोट ठेवलं होतं: डेकवर एक लांब खुर्ची, समोर नुसता समुद्र.

"मला इथं पडायचंय," ती म्हणाली होती. "चार दिवस. कुणी चादर मागायची नाही."

टाचणीला या सहलीतून एवढंच हवं होतं. ती खुर्ची.

दुसऱ्या दिवशी काका तिघांना घेऊन सहलवाल्यांच्या ऑफिसात गेले. सहलवाले फोनवर होते. "अरे, पार्टी रस्त्यात आहे. दोन मिनिटं थांबव बस. माझं नाव सांग." फोन ठेवून ते हसले. "वीस वर्षं बसच्या सहली काढल्या. एक बस चुकू दिली नाही. आता जहाजाचं सुरू केलंय."

"आमच्या प्लॅनमध्ये काही बदल?" काकांनी विचारलं.

"तुम्ही आखल्यावर बदल कसला?"

काका फुगले. मग दोघं एकमेकांची तारीफ करत बसले. मुलं भिंतीशी गेली.

भिंतीवर सहा मोठे फोटो होते. सहा कुटुंबं, प्रत्येकाच्या मागे तेच पांढरंशुभ्र जहाज आणि बंदराच्या इमारतीवरचं मोठं घड्याळ. चेहरे ओळखीचे होते, सगळे याच वस्तीतले. समोरच्या इमारतीतल्या मावशी, औषधांच्या दुकानाचे मालक, शाळेतून निवृत्त झालेले चित्रकलेचे सर.

"एकवीस माणसं," मुंगी म्हणाली. "तेहतीस बॅगा. हसणारं कुणी नाही."

"उन्हात उभं केलं असेल," रेडिओ म्हणाला. "मी तर जहाजावर गेल्या गेल्या आधी टोकाला जाऊन हात पसरून फोटो काढणार, मग स्विमिंग पूलचा, मग..."

"तेच," टाचणी म्हणाली. "असा एकही फोटो का नाही? जहाजाच्या आतला?"

सहलवाल्यांच्या कानावर ते गेलं. "ते आमचा ड्रायव्हर काढतो, बाळा. माणसं वेळेत पोचवली याचा पुरावा. पुढचं पुढं."

टाचणीच्या डोक्यात ते 'पुढचं पुढं' अडकून बसलं.

घरी येऊन तिनं क्रूझच्या पत्रकावरचा नंबर लावला. बराच वेळ संगीत वाजलं, मग एक कंटाळलेला आवाज आला.

"चौकशी."

"चार वाजताच्या जहाजात किती वाजेपर्यंत चढता येतं?"

"दोन. दोनला दार बंद. प्रवाशांची यादी बंदराला द्यावी लागते, मग शिडी वर."

"सव्वातीनला आलं तर?"

"तर हात हलवायचा," आवाज म्हणाला, पण त्यात थट्टा नव्हती. दमलेल्या माणसाला असे फोन रोज येत असावेत.

टाचणीनं हे काकांना सांगितलं. काकांनी पेपर खाली केला नाही. "फोनवर बसलेल्या पोरी काहीही सांगतात. सहलवाल्यांचा वीस वर्षांचा अनुभव आहे. सहा कुटुंबं जाऊन आली, ती काय पोहत गेली?"

"बाबा?"

बाबांनी काकांकडे पाहिलं, मग टाचणीकडे, मग छताकडे. "काकाला कळतं गं यातलं," ते म्हणाले. आई कामावरून यायची होती. आली असती तरी पायातल्या चपला काढेपर्यंतच जागी राहिली असती.

"मग त्या सहा कुटुंबांनाच विचारू," टाचणी म्हणाली.

रेडिओनं वही काढली, तिच्यावर 'सुट्टीतला प्रकल्प: जहाजाचा प्रवास' असं ठसठशीत लिहिलं आणि तिघं निघाली.

मावशींनी त्यांना कौतुकानं बसवलं. "जहाज म्हणजे काय सांगू. आमच्या खोलीला गॅलरी. रात्री बँड. पूल गच्चीवर, गरम पाण्याचा."

"कितव्या मजल्यावर होता तुम्ही?" मुंगीनं पेन्सिल सरसावली.

"तिसऱ्या... नाही, सातव्या. अगं, लिफ्ट होती ना, कळतं कुठं."

औषधांच्या दुकानाचे मालक म्हणाले, "बोट लागेल म्हणून मी गोळ्या नेल्या होत्या. एकही लागली नाही. इतकं स्थिर जहाज, अगदी जमिनीवर असल्यासारखं."

"आणि पूल?"

"तळमजल्यावर. थंडगार."

बाहेर आल्यावर रेडिओनं वहीतली दोन्ही उत्तरं शेजारी शेजारी धरली. "एकाच जहाजाचा पूल एकदा गच्चीवर, एकदा तळाशी?"

चित्रकलेच्या सरांच्या घरी भिंतीवर जहाजाची सात चित्रं होती. सुंदर होती. मुंगीनं ती मोजली आणि विचारलं, "सर, सगळ्या चित्रांत जहाज लांब का आहे?"

सरांनी चित्रांकडे पाहिलं. मग खुर्चीत बसले, एखादं ओझं उतरवून ठेवावं तसे.

"कारण मी ते लांबूनच पाहिलं," ते म्हणाले. "दार दोनला बंद झालं होतं. आम्ही सव्वातीनला पोचलो. ड्रायव्हरनं फोटो काढला नि गेला. सहलवाल्यांना फोन केला, तर म्हणे, फोटोत घड्याळ दिसतंय, मी वेळेत पोचवलं, तुम्हीच रेंगाळला असाल. मला वाटलं, खरंच आपलंच चुकलं. बायकोच्या गुडघ्यांमुळे आम्ही हळू चालतो."

"मग चार दिवस?"

"बंदराजवळच्या लॉजमध्ये. रोज संध्याकाळी ठरवायचो, घरी गेल्यावर काय काय सांगायचं. अख्ख्या वस्तीला सांगून निघालो होतो ना. परत आलो तर लोक म्हणाले, चित्रं जहाजावरून काढली वाटतं. मी नाही म्हणालो नाही."

"पण सर, बाकीचे पण..."

"बाकीचे गेले होते. त्यांचे फोटो आहेत तिथं. आमचंच चुकलं." सरांनी चष्मा पुसला. "माझं नाव घेऊ नकोस हं, पोरी."

"नाही घेणार," टाचणी म्हणाली.

जिन्यात ती पायरीवर बसली. तिला भयंकर राग आला होता आणि तो कुणावर काढायचा ते कळत नव्हतं. सहा घरं. प्रत्येकाला वाटतंय की फक्त आपणच मूर्ख. प्रत्येक जण दुसऱ्याला सांगतोय, जाऊन या, फार छान. मोठी माणसं लाजेपायी खोटं बोलतात आणि त्या खोट्याच्या भरवशावर पुढचं घर बॅगा भरतं.

"आता?" रेडिओ म्हणाला. "नाव तर घ्यायचं नाही."

"नावाशिवाय दाखवायचं. पण तुझी घसरगुंडी जाईल."

पाण्याच्या पार्कातली ती घसरगुंडी, आठ मजल्यांची. रेडिओ वर्षभर तिच्याबद्दल बोलत होता, शाळेत, जेवताना, झोपेत. तो चार पायऱ्या उतरला.

"जाऊ दे," तो म्हणाला. "काकू त्या दिवशी नकाशावर झोपल्या ना, तेव्हा मी हसलो. हसायला नको होतं."

शनिवारी सगळे सहलवाल्यांकडे जमले. काका कागदांवर सही करायला, बाबा मान हलवायला, आई अर्ध्या दिवसाच्या रजेवर. तिच्या हातांना अजून ब्लीचचा वास येत होता.

काकांनी पेनचं टोपण काढलं.

"सहलवाले काका," टाचणी अगदी गोड आवाजात म्हणाली, "तुम्ही सगळ्यांना वेळेत पोचवता, हो ना?"

"म्हणजे काय. पाहा की." ते उठून भिंतीपाशी गेले. "हे घड्याळ. तीन वीस. हे, सव्वातीन. हे, तीन दहा. एकही कुटुंब चारच्या पुढं नाही. वर्षातल्या कुठल्याही दिवशी."

"म्हणजे सगळे तीनच्या पुढेच पोचले."

"बरोबर. चारच्या आत."

"मुंगी, तू काय मोजलंस?"

मुंगी स्टुलावर चढली. तिनं एकेका फोटोवर बोट ठेवलं, जहाजाच्या पोटाशी. "पहिला फोटो, शिडी वर ओढलेली, दार बंद. दुसरा, शिडी वर, दार बंद. तिसरा तसाच. चौथा तसाच." ती सहावर थांबली. "आणि सगळ्यांच्या बॅगा खाली. बॅगा आधीच आत जातात ना?"

बाबा उठून फोटोंजवळ आले.

"शिडीचं काय घेऊन बसलात," सहलवाले म्हणाले. "दोन मिनिटांत सोडतात ते परत. नाव सांगितलं की..."

"ती बस असते," टाचणी म्हणाली. "बस थांबते. तुम्ही जहाजाला बस समजलात."

"ए, कुणाशी बोलतेस?" काका कडाडले. "दादा, आवर तुझ्या पोरीला. सहा कुटुंबं काय खोटं बोलतायत?"

"एक तरी बोललं," दारातून आवाज आला.

चित्रकलेचे सर उभे होते. घामेजलेले, हातात काठी. टाचणीनं घाईनं मान हलवली, मी नाही सांगितलं म्हणून.

"ठाऊक आहे, तू नाही सांगितलंस," सर म्हणाले. "तीन दिवस झोप नाही मला. आज तुमची सही आहे असं कळलं. म्हटलं, आता तुमच्या बॅगा निघतील." ते चौथ्या फोटोपाशी आले आणि स्वतःच्याच चेहऱ्यावर काठी टेकवली. "हा मी. आत गेलोच नाही. आणि आता इतरांच्या शिड्या पाहतोय. मला वाटलं होतं, फक्त आमचीच वर होती."

सहलवाल्यांनी फोन उचलला. क्रूझच्या पत्रकावरचा नंबर लावला. त्यांनी तो स्पीकरवर टाकला, कदाचित चुकून. संगीत, मग तोच कंटाळलेला आवाज: "चौकशी... दोन. दोनला दार बंद."

फोन ठेवल्यावर ते खुर्चीत बसले आणि एकदम म्हातारे दिसू लागले. "मी कधी विचारलंच नाही," ते म्हणाले. "कुणी भांडायला आलंच नाही दुसऱ्यांदा."

"आता आम्ही येऊ," सर म्हणाले. "सहाही. आणि तुम्ही आम्हाला जहाजावर सोडून याल. स्वतः. आत."

सहलवाल्यांनी मान खाली घालून होकार दिला.

काका पेनशी खेळत होते. "तरी मला शंका होतीच," असं ते म्हणू पाहत होते, पण बाबांनी त्यांच्या हातातलं पेन काढून घेतलं. सगळ्यांच्या देखत. बाबांनी चौथ्या दिवसाची सकाळ आडवी खोडली आणि लिहिलं: 'तिसऱ्या दिवशी संध्याकाळी बंदरावर मुक्काम.'

"आणि पाण्याचं पार्क?" काका पुटपुटले.

"नको," रेडिओ म्हणाला. त्या दिवसभरात तो एवढंच बोलला.

आईनं टाचणीला जवळ ओढलं. "सहा वर्षं मी चादरींवरचे डाग शोधतेय," ती म्हणाली, "आणि आपल्याच कागदावरचा हा एवढा मोठा दिसला नाही. तुम्ही तिघांनी मला जहाजावर चढवलंत." मग तिनं रेडिओच्या डोक्यावरून ब्लीचच्या वासाचा हात फिरवला. त्यानं नाक मुरडलं नाही.

दोन महिन्यांनी सहलवाल्यांच्या भिंतीवर सातवा फोटो लागला. रेडिओनं काढलेला. समोर नुसता समुद्र, डेकवर लांब खुर्ची आणि खुर्चीत आई, चपला अस्ताव्यस्त, तोंड उघडं, गाढ झोपलेली. जहाजानं सुटताना मोठा भोंगा दिला, तेव्हा सगळा डेक दचकला होता. ती हललीसुद्धा नव्हती.

"हाच सापडला लावायला?" आई वैतागून म्हणाली.

"जहाजाच्या आतला हा पहिलाच फोटो आहे, बाई," तिथं तिकिटं घ्यायला आलेले सर म्हणाले आणि त्या फोटोसमोर बराच वेळ उभे राहिले.