माळ्यावरची ऊब

शनिवारी सकाळी माझ्या धाकट्या बहिणीचा, जॅनिसचा फोन आला.

"नेव्हिल, मोकळा आहेस का? कॉलिनला माळ्यावर फळ्या टाकायच्यात. त्याला एकट्याला ते झेपायचं नाही, आणि मी काही वर चढणार नाही."

मी सुतार नाही. बस चालवण्यात जन्म गेला. पण फळी धरायला काय लागतं? डबा घेतला आणि निघालो.

त्यांचं घर टॉडमर्डन गावाच्या वर, उघड्या माळरानाला लागून दगडी घरांची रांग आहे, तिच्या टोकाचं. ते मुळात माझ्या मेव्हण्याच्या, म्हणजे कॉलिनच्या आईचं, एड्नाचं. आदल्या हिवाळ्यात ती त्याच घरात वारली. डॉक्टरांच्या मते हृदय बंद पडलं. रांगेतल्या बायका मात्र वेगळं बोलायच्या. म्हातारी दिवसभर घर तापवायचं हीटिंग चालू ठेवते, बिल वाढतं, म्हणून कॉलिनने त्याच्या बटणावर कुलूपवाली पेटी बसवली होती. चावी त्याच्याजवळ. दर शनिवारी यायचा, तासभर हीटिंग लावायचा आणि पेटी बंद करून निघून जायचा. एड्ना कोट घालून जेवायची, कोट घालूनच झोपायची. जॅनिस नवऱ्याला कळू न देता तिला गरम पाण्याच्या पिशव्या भरून द्यायची. सापडली तेव्हाही म्हातारीच्या अंगात तो जाड लोकरी कोट होता.

ती गेल्यावर हे दोघं तिथे राहायला आले, आणि घर काही केल्या तापेना. भिंतीवरचे रेडिएटर हात भाजेल इतके गरम, खोल्या मात्र गारठलेल्या. शेवटी ऊब छपरातून निघून जाऊ नये म्हणून कॉलिनने माळ्यावर काचेची लोकर अंथरून घेतली, गुडघ्याएवढी जाड. आता तिच्यावर फळ्या टाकून सामान वर ठेवायचं होतं.

मी पोचलो तेव्हा तो हात चोळत शिडीपाशी उभा होता.

"अजून गारच आहे," तो म्हणाला.

"आईला सांगायचास ना, आणखी एक स्वेटर घाल म्हणून?" जॅनिस स्वयंपाकघरातून म्हणाली. "आता तू घाल."

कॉलिनने एक मास्क माझ्या हातात दिला. आम्ही तोंडावर मास्क चढवून वर गेलो.

भर दिवसा माळ्यावर अंधार होता. एका दिव्याच्या उजेडात ती पिवळसर लोकर या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत पसरलेली. काम सोपं होतं. लोकर दाबली गेली की तिची ऊब जाते, म्हणून तुळयांवर प्लास्टिकचे उंच पाय बसवायचे आणि फळ्या त्यांच्यावर, लोकरीला न टेकवता. पलीकडच्या टोकापासून सुरुवात करून शिडीकडे मागे मागे यायचं.

मधोमध लोकर दबलेली दिसली. कुणीतरी कुशीवर, गुडघे पोटाशी घेऊन झोपावं, तशी.

"लोकर टाकणारे इथे लवंडले असतील," कॉलिन म्हणाला. त्याने हाताने ती जागा फुलवून सारखी केली.

आम्ही फळ्या जोडू लागलो. थोड्या वेळाने मी वळून पाहिलं, तर ती जागा पुन्हा दबलेली. कॉलिननेही पाहिलं होतं. तो फक्त भरभर काम करायला लागला. मास्कमधूनही मला वास येत होता, ओल्या लोकरी कोटाचा. हातातले स्क्रू इतके गार पडले की बोटांना चिकटत होते.

निम्म्या फळ्या झाल्यावर मी चहा आणायला खाली उतरलो. जॅनिसने किटली ठेवली. तेवढ्यात वरून कॉलिनचा आवाज आला, अगदी हलका.

"चावी... इथे नाहीये, आई. खाली राहिली..."

जॅनिसने माझ्याकडे पाहिलं. मग स्क्रूचं मशीन सुरू झालं. ते थांबेचना. माणूस एक स्क्रू बसवतो, दुसरा उचलतो, मध्ये थोडी उसंत असते. इथे तशी उसंतच नव्हती. मी हातातला कप तसाच ठेवून धावलो. शिडीवर पाय ठेवला आणि आवाज बंद झाला.

वर फळ्यांचं काम पुरं झालेलं. थेट शिडीच्या तोंडापर्यंत फळ्या घट्ट बसलेल्या. दिवा जळत होता, मशीन एका बाजूला पडलेलं. कॉलिन कुठेच नव्हता.

"कॉलिन?"

पायाखालून फळीवर नख ओढल्यासारखा आवाज आला.

जॅनिस वर चढून आली. "कुठून येतोय?"

"मधून..."

मी स्क्रू काढत गेलो, ती फळ्या उचलत गेली. कॉलिन लोकरीत होता. कुशीवर, गुडघे पोटाशी घेतलेले, आणि लोकर त्याच्या मानेपर्यंत चारी बाजूंनी खोचलेली, लहान मुलाला पांघरूण खोचून निजवावं तशी. भुवयांवर हिम जमलं होतं. ओठ निळे पडले होते. त्याला उचलताना माझा हात त्याच्या खालच्या लोकरीत गेला. ती गरम होती. नुकतंच कुणी उठून गेल्यासारखी.

हॉस्पिटलात डॉक्टरांनी विचारलं, हा माळरानावर कुठे हरवला होता, किती रात्री बर्फात होता. तिसऱ्या दिवशी कॉलिनला बोलता आलं.

"तिने नीट पांघरूण घातलं," तो जॅनिसला म्हणाला. "मग म्हणाली, आता पुढच्या शनिवारी येते."

आणि ती आली. दर शनिवारी यायची. जॅनिसने ते घर सोडलं, खाली गावात फ्लॅट घेतला, सगळ्या खोल्यांत हीटिंग लावलं. शनिवार उजाडला की कॉलिन दोन कोट घालून रेडिएटरला पाठ लावून बसायचा. तासभर त्याचे दात वाजायचे, तोंडातून वाफ निघायची. बाकीच्यांना त्याच खोलीत घाम फुटायचा. जॅनिसने गरम पाण्याची पिशवी दिली, तर त्याच्या मांडीवर ठेवता ठेवता ती गार पडायची. दुसऱ्या हिवाळ्यात, एका शनिवारीच, तो खुर्चीत बसल्या बसल्या गेला.

रांगेतलं घर अजून रिकामं आहे. वीज तोडलेली, गॅस बंद. मागच्या जानेवारीत खूप बर्फ पडला, तेव्हा मी वर जाऊन आलो. रांगेतली सगळी छपरं पांढरी होती. टोकाच्या या छपरावर बर्फाचा कणही नव्हता, ओल्या पाटीच्या दगडांतून वाफ निघत होती. गावातली सगळी कबुतरं थंडीची तिथे येऊन पोटं टेकून दाटीवाटीने बसली होती. मधोमध तेवढी एक जागा, कुणी गुडघे पोटाशी घेऊन कुशीवर झोपावं एवढी, त्यांनी मोकळी सोडली होती, आणि एकूण एक कबुतर तिच्याकडे तोंड करून बसलं होतं.