कुठला फ्लॉवर?

कॅनडातल्या स्कारबरोच्या त्या ग्रोसरीत कादंबरीला फक्त एक फ्लॉवर हवा होता. तिनं आपल्या नाशिकच्या इंग्रजीत तसं विचारलंही. निळ्या एप्रनमधल्या उंच मुलानं हसून तिला गुलाबांपुढे नेऊन उभं केलं.

"नो, नो! खायचा!"

मग त्यानं तिला मैद्याच्या पिशव्यांपुढे नेलं.

"अरे देवा, याला साधा फ्लॉवर कळेना!" ती पुटपुटली.

त्याचे डोळे चमकले. "मराठी? ओह... कॉलिफ्लॉवर! माझी आजी पण असंच म्हणते!"

तो शुभंकर. जन्म तिथल्याच शेजारच्या मार्कहॅमचा, मराठी आजीकडून ऐकलेलं. त्याच्या बोलण्यात दूध 'सांडली' आणि बस 'चुकला'. कादंबरी प्रत्येक वेळी सुधारायची आणि तो प्रत्येक वेळी तिच्याकडे बघत राहायचा. बघता बघता तिच्या घरातली भाजी दर गुरुवारी, नेमकी त्याच्या ड्युटीच्या दिवशी, संपायला लागली, फ्रीज भरलेला असला तरी!

सहा महिने असेच गेले. मग तिला देशाच्या दुसऱ्या टोकाला, कोक्विटलाममध्ये नोकरी लागली. शनिवारचं विमान ठरलं, तरी पठ्ठ्या काही बोलेना. तिचा जीव टांगणीला लागला. शेवटी तिनंच डाव टाकला... मेसेज केला, "शुक्रवारी जेवायला ये. येताना फ्लॉवर आण." गुलाब आणले तर प्रेम. गड्डा आणला तर... भाजी करायची, दुसरं काय!

शुक्रवारी शुभंकर दारात उभा. काखेत मैदा, हातात फ्लॉवरचा गड्डा आणि गड्ड्यात मधोमध खोचलेला एक गुलाब.

"कुठला ते कळेना... म्हणून तिन्ही."

कादंबरीला रडू की हसू असं झालं. "अरे, पण मैदा कशाला?"

"डिक्शनरी बघितली. गुलाबवाला फ्लॉवर अँड मैदावाला, आधी एकच वर्ड होता! दळलेल्यातला बेस्ट भाग, म्हणजे धान्याचा फूल. स्पेलिंग नंतर वेगळी झाली."

"धान्याचं. वेगळं झालं."

"येस. पण आपण नको ना वेगळं व्हायला... मी तिकडच्या स्टोअरला ट्रान्सफर मागितली."

"का?"

तो कानापर्यंत लाल झाला. "कारण... माझी प्रेम आहे तुझ्यावर."

सहा महिन्यांची सवय! ती ताडकन म्हणाली, "माझं!"

"तुझं पण?"

कादंबरीनं त्याला सुधारायला तोंड उघडलं आणि तिच्या लक्षात आलं, यात सुधारण्यासारखं काहीच नाही.

"हो," ती म्हणाली. "माझं पण."