मागितलं की बाद

हायडेलबर्गच्या विद्यापीठ-ग्रंथालयात त्या रविवारी गाइडचं काम स्वरूपाच्या गळ्यात पडलं होतं. जुन्या हस्तलिखितांचं प्रदर्शन, बाहेर मार्चचा बारीक पाऊस आणि ऐकायला सात जर्मन आजी-आजोबा. आठवा आला होता तो केवळ भिजू नये म्हणून! केसांतून पाणी निथळतंय, चष्मा धुरकटलेला…

एका हस्तलिखितातल्या चित्रात एक सरदार सज्जातल्या बाईकडे मान वर करून बघत होता. त्या काळातलं दरबारी प्रेम म्हणजे काय, हे स्वरूपा जर्मनमध्ये रंगवून सांगत होती. त्याच विषयात पीएचडी करत होती ना बाई, थांबते कसली! सगळे पांगल्यावर आठवा पुढे आला आणि तिच्या नावाच्या पट्टीवरचं 'पटवर्धन' वाचून सरळ मराठीत म्हणाला,

"शेवटी मिळते का हो ती त्याला?"

"छे!" ती हसली. "त्याने फक्त सेवा करायची. मागायचं नाही. मागितलं की बाद!"

"कठीणच आहे," तो गंभीरपणे म्हणाला.

हा कपिल. लुडविग्सहाफेनला एका कारखान्यात केमिस्ट. त्यानंतर दर रविवारी हजर! कधी तिच्या सायकलची चेन बसवून दे, कधी मानहाइमहून कढीपत्ता आण. व्हिसाच्या रांगेत तिला सोबत म्हणून तर पठ्ठ्याने चक्क सुट्टी टाकली. पण 'तुम्ही'वरून 'तू'वर काही येईना. नदीकाठी चालताना हाताला हात लागलाच, तर "सॉरी" म्हणून हाच फूटभर लांब! स्वरूपा केव्हाच त्याच्या प्रेमात पडली होती. आज विचारेल, उद्या विचारेल… पण हा आपला ढिम्म.

पुढच्या वर्षीच्या जूनमध्ये तिला हॅम्बुर्गहून नोकरीचं पत्र आलं. सोमवारपर्यंत उत्तर द्यायचं होतं. रविवारी जुन्या पुलावर तिने त्याला सांगितलं आणि श्वास रोखून त्याच्याकडे बघत राहिली.

"अरे वा! अभिनंदन!" तो म्हणाला. चेहरा मात्र पार उतरला. "सामान हलवायला येईन मी. टेम्पो भाड्याने घेऊ."

झालं! तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"सामान? मला काही विचारायचंच नाही तुम्हाला?"

"आहे ना…" तो पुलाच्या कठड्याकडे बघत पुटपुटला. "पण विचारलं की बाद. तुम्हीच म्हणालात."

हसावं की रडावं, तिला कळेना.

"अरे गाढवा! आठशे वर्षांपूर्वीचं आहे ते! आणि ती बाई दुसऱ्या कुणाची तरी लग्नाची बायको असायची. मी आहे का? सव्वा वर्ष वाट बघतेय मी तुझी!"

दोन सायकलवाले वळून बघायला लागले. कपिलचे कान लालबुंद झाले.

"मग… विचारू?"

"विचार!"

"ती नोकरी सोडू नकोस," तो म्हणाला. पहिल्यांदाच 'तू'… आणि हे?

"पण दर शुक्रवारी मी तिकडे आलो," तो अडखळत म्हणाला, "आणि एखाद्या रविवारी… परत गेलोच नाही – तर चालेल?"

स्वरूपाने त्याचा हात घट्ट धरला. यावेळी तो लांब झाला नाही.

"चालेल काय," ती डोळे पुसत म्हणाली, "धावेल!"