अग्रक्रम

पुण्यातल्या एका मेंदूविज्ञान प्रयोगशाळेत वनश्री केळशीकर अग्रक्रमकाच्या वार्षिक तपासणीसाठी आली होती. अग्रक्रमक म्हणजे कानामागे त्वचेखाली बसवलेलं तांदळाएवढं यंत्र. तीन वर्षांपूर्वी ती गॅस चालू ठेवून घराबाहेर पडायची, एक काम अर्धवट टाकून दुसरं काढून बसायची, कामावर रोज उशिरा पोचायची. आता औषधांच्या कारखान्यात तिच्या हाताखाली चाळीस माणसं होती.

“यंत्र उत्तम चाललंय,” डॉ. नसीमा इनामदार पडद्याकडे बघत म्हणाल्या.

“मला ते काढायचंय.” वनश्रीनं कानामागे बोट ठेवलं. “आठ महिने ठरवतेय, डॉक्टर. दर वेळी दुसरंच काहीतरी निघतं. दापोलीला बाबा अंथरुणाला खिळलेत. नुसती येऊन बस, म्हणतात. तेही होत नाही.”

“कपाळामागचा मेंदू ठरवतो, आधी काय, नंतर काय, हातातलं कधी सोडायचं. तुमचा तो भाग दुबळा होता. एखाद्या कामानं पुढची किती कामं मार्गी लागतील, हे अग्रक्रमक मोजतो आणि सर्वांत सरस कामाची ऊर्मी देतो. वडिलांजवळ नुसतं बसून काहीच मार्गी लागत नाही.”

“आणि यंत्र काढून?”

“सगळीच कामं अडतील. म्हणजे यंत्र काढणं कायम शेवटी.”

“मग आज मी इथे कशी आले?”

“तपासणीला. यंत्र नीट चालावं म्हणून.”

वनश्री खुर्चीतून उठली. “मग तुम्ही काढा ना! आत्ता, लगेच!”

“बसा.” डॉक्टरांनी चिमटा उचलला. हात मध्येच थांबला. नजर टेबलावरच्या अहवालांकडे वळली. “एवढ्या सह्या करते, मग...” त्या वाकल्या, तेव्हा त्यांच्या कानामागचा बारीक व्रण दिसला.

“तुम्हीसुद्धा?”

“हा दोष मला दीड वर्षापूर्वीच कळला.” सह्या थांबल्या नाहीत, आवाज मात्र कापत होता. “दुरुस्ती रोज माझ्या यादीत असते.”

इतक्यात दापोलीहून आत्याचा फोन आला. “वनू, दादा सारखा विचारतोय. निघालीस का गं?”

“निघाले, आत्या,” ती म्हणाली आणि खरोखरच उठली. गाडीत बसली. चौकात दापोलीचा रस्ता डावीकडे होता. तिचे हात स्थिरपणे चाक उजवीकडे, कारखान्याकडे वळवत होते आणि ती हमसून हमसून रडत होती.